विधवेचं आमेन

कणकेत मनगटापर्यंत हात असताना माझ्या लक्षात आलं, की आज शिंग वाजलेलंच नाही. उजाडून गेलं होतं. भट्टी तापत आली होती, समोरच्या भिंतीवर ऊन उतरलं होतं, आणि तटाबाहेरच्या छावणीत घोड्यांच्या वैरणीचं जे शिंग रोज याच सुमाराला फुंकलं जायचं ते आज कुणी फुंकलं नव्हतं. अश्शूरी लोक बाकी कसेही असोत, वेळेचे पक्के. वेढा पडल्यापासून सबंध यरुशलेम त्या शिंगावर उठत होतं. म्हातारे शिव्या घालत उठायचे, आणि भटारगल्लीतल्या आम्ही बायका पीठ मळता मळता त्या आवाजाला नावं ठेवायचो. कुणी म्हणे बैलाला उचकी लागलीय, कुणी म्हणे त्यांच्या राजाचं पोट बिघडलंय. मीही हसायची. पण जीव त्या आवाजापाशी जाऊन बसलेला असायचा, कारण शिंग वाजलं की घोड्यांकडची माणसं उठायची, आणि त्या माणसांत माझा एलनाथान होता. शिंग वाजलं म्हणजे तो उठला, गवताचा भारा त्याने खांद्यावर घेतला, आणखी एक दिवस तो जिवंत आहे, असा मी अर्थ लावायची. शत्रूच्या शिंगावर आपल्या पोराचा श्वास मोजायची पाळी कुठल्या आईवर येऊ नये. आज ते वाजलं नाही, आणि माझे हात कणकेत तसेच राहिले.

एलनाथान लाखीश शहराच्या गढीत घोड्यांचा मोतद्दार होता. लाखीश पडलं तेव्हा मी त्याच्यासाठी डोक्यावर शोकाची राख फासून घेतली होती. मग तिकडून पळून आलेली एक बाई, यदीदा तिचं नाव, सुजलेल्या पायांनी माझ्या दारात येऊन बसली. पाणीसुद्धा मागितलं नाही, आधी म्हणाली, "मावशी, ती राख धुऊन टाक. तुझा मुलगा मेला नाही. रांगेत उभं करून ते सगळ्यांचे हात बघत होते. ज्याच्या हातात काही कसब दिसेल त्याला बाजूला काढायचे. तेवढ्यात त्यांचा एक घोडा बिथरला, आणि तुझ्या शहाण्याने पुढं होऊन त्याचा कान धरला नि त्याला गप्प केलं. मग काय, बांधला दोरीला आणि नेला घोड्यांबरोबर." तेव्हापासून यदीदा माझ्याकडेच राहिली. राहिली म्हणजे खालच्या खोलीत. वरची माडी राजाच्या माणसांनी तटाला दगड कमी पडले म्हणून उतरवून नेली होती. एलनाथानचं लग्न झालं की सून त्या माडीवर नांदणार होती. आता ती माडी तटात आहे आणि पहारेकरी तिच्यावर उभे राहून थुंकतात. मी त्यांना भाकरी पोचवायला रोज वर जायची आणि उत्तरेकडे, जिथे छावणीतल्या घोड्यांच्या रांगा होत्या तिकडे, डोळे फुटेस्तोवर बघायची. धूळ दिसायची, ठिपके दिसायचे. एकदा एक ठिपका एलनाथानसारखा डावा खांदा पाडून चालताना दिसला. तो तोच असेल असं मी ठरवून टाकलं, कारण न ठरवून करणार काय?

आणि मग ते आमेन.

त्याच्या आधी अश्शूरींचा एक सरदार परिटांच्या शेताजवळच्या रस्त्यावर उभा राहून बोलून गेला होता. आमच्याच बोलीत, मंडईतल्या माणसासारखा स्वच्छ. तुमचा देव तुम्हाला वाचवील म्हणता, इतक्या गावांचे देव होते, कुणाला वाचवलं त्यांनी? उत्तर देऊ नका, असा आमच्या राजाचा हुकूम होता. सबंध तट माणसांनी भरलेला आणि एक माणूस खोकला नाही. त्या गप्प बसण्याची लाज कितीतरी दिवस आमच्या गळ्यात अडकून होती. म्हणून देवाच्या संदेष्ट्याकडून निरोप आलाय, मंदिराच्या अंगणात या, अशी दवंडी पिटली तेव्हा मी भट्टीवर झाकण टाकून पिठाच्या हातांनी धावत सुटले. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निरोप सांगणारा याजक तसा किरकोळ माणूस, आवाज बारीक. पण तो बोलायला लागला आणि मला वाटलं, हा त्याचा आवाज नाही. सेनाधीश परमेश्वर सांगतो, तुम्ही बाण उचलू नका, दगडही उचलू नका. तुमचा हात यात नको. ज्याने मला नावं ठेवली त्याचा जाब मी घेईन. ही छावणी उभी आहे तिथेच आडवी होईल, आणि तिचा राजा आल्या वाटेने परत जाईल. एवढंच.  पायाखालची फरशी आतून थरथरते आहे असं वाटलं, आणि ती थरथर टाचांतून चढून छातीत आली. इतकी वर्षं मी त्या देवाला तेल दिलं, पीठ दिलं, कबुतरं दिली, पण तो आहे, खरोखरच आहे, आणि इथे या गर्दीत आमच्यापेक्षा जवळ उभा आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. त्या क्षणापुरतं मला पोर नव्हतं, मेलेला नवरा नव्हता, मोडलेलं घर नव्हतं. आनंद होता की भीती होती, मला अजून सांगता येत नाही. सगळे म्हणाले आमेन. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले.

घरी येऊन मसूर निवडायला बसले. सूप हातात घेतलं, खडे बाजूला करत होते, आणि डोक्यात आलं, छावणी म्हणजे कोण? छावणी म्हणजे तंबू नव्हेत. आडवी होणार म्हणजे माणसं आडवी होणार. त्या माणसांत डावा खांदा पाडून चालणारा एक आहे. हातातलं सूप खाली ठेवता येईना. यदीदाने ते माझ्या हातून काढून घेतलं आणि विचारलं, "काय झालं मावशी?" मी म्हणाले, "मी त्याला शाप दिला गं." तिला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्यात आमेन ही काही बोलाफुलाची गोष्ट नाही. दुसऱ्याने उच्चारलेली शपथ किंवा शाप ऐकून जो आमेन म्हणतो त्याने तो स्वतःच्या तोंडाने उच्चारला असं धरतात, आणि एकदा धरला की धरला. माझ्या पोराच्या मरणावर मी माझ्या जिभेने मोहोर उठवून आले होते, वर चारचौघींत मान ताठ करून.

तशीच उठले आणि वेशीपाशी गेले. तिथे गावच्या वडीलधाऱ्यांच्या बाकावर माझे दीर बसतात, अज्जूर. माणूस वाईट नाही. फक्त नियमशास्त्र पाठ असल्यामुळे त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही.

"भाऊजी," मी म्हणाले, "माझं आमेन मोडून द्या."

"ती काय भाकरी आहे का वहिनी, मोडून द्यायला?"

"तुमच्या भावाने माझे नवस मोडले आहेत. तुम्ही घरातले थोर. तुम्ही मोडा."

त्यांनी दाढी चाचपली. "त्याची गोष्ट निराळी. बाईने काही बोलून घेतलं आणि नवऱ्याने ऐकल्या दिवशी नको म्हटलं, तर ती सुटली. बापाघरी असेल तर बापाने म्हणावं. पण तुम्ही विधवा. विधवेचं बोलणं तिचं तिच्यावर. ते मोडायला माणूसच नाही."

मला हसू आलं, आणि ते हसू काही बरं नव्हतं. "म्हणजे नवरा मेला की बाईचा शब्द एवढा मोठा होतो होय? माझी माडी पाडत होते तेव्हा इथेच उभी राहून घसा फोडत होते मी. तुम्ही सगळे याच बाकावर होता. तेव्हा कुणी ऐकलं माझं? आणि हे एक आमेन तेवढं ऐकलं जाणार?"

अज्जूरांनी आजूबाजूला बघितलं. मग हळू म्हणाले, "माडी राजाने पाडली, वहिनी. हे ऐकणारा वेगळा आहे."

 घरी कशी आले ते आठवत नाही. नवऱ्याची आठवण मात्र त्या दिवशी इतकी आली, की तो गेला तेव्हाही आली नसेल. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याच्या बहिणीने माझ्या भाकरीला कच्ची म्हटलं होतं. मी भर पंगतीत शपथ घेतली, की हिच्या हातचा घास आयुष्यात तोंडात घालणार नाही. तो अंजीर चघळत होता. अंजीर न थुंकताच म्हणाला, "मोडली शपथ. जेव गुपचूप." सगळे खिदळले. मला काय राग आला होता! बाईच्या शब्दाला एवढीच किंमत, असं म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. आता वाटत होतं, मेल्या, कबरीतून एकदा ये, अंजीर चघळत ये, आणि म्हण, मोडलं. एवढं म्हण आणि परत जा. नवरा असण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला: आपल्या तोंडून गेलेली गोष्ट देवापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी मध्ये हात घालतं. विधवेच्या आणि देवाच्या मध्ये कुणीच नसतं.

मग मीच घासाघीस सुरू केली. आमच्या मूळपुरुषाने सदोम हे पापी शहर वाचवायला देवाशी पन्नास चांगल्या माणसांवरून बोली लावली आणि उतरत उतरत दहावर आला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मी बाजारातली बाई, एकापासूनच सुरू केलं. त्या एकाला ठेव, बाकीच्यांचं काय करायचं ते कर. असं म्हटलं आणि शरमले. मग म्हणाले, कुणालाच मारू नकोस, नुसते पळवून लाव. मग डोळ्यांपुढे लाखीश आलं, यदीदाच्या नवऱ्याला त्यांनी खांबावर कसा चढवला ते तिने एकदाच सांगितलं होतं ते आलं, आणि मी म्हणाले, नाही, मार. भाकरी थापताना मार, भाजताना नको, असं माझं चाललेलं. असल्या बाईचं कोण ऐकणार? आणि ऐकलं तर नेमकं कुठलं ऐकणार? हीच भीती जास्त होती. जो ऐकत नाही त्याला भिण्याचं कारण नसतं. हा ऐकतो हे मी अंगणात माझ्या तळपायांनी अनुभवलं होतं.

तर शिंग वाजलं नाही. हातांना कणीक चिकटलेली तशीच मी तटावर चढले. यदीदा मागून आली. वर पहारेकरी ओळीने उभे होते. खाली छावणी जिथल्या तिथे होती. तंबू उभे, निशाणं उभी, ढाली ओळीत टेकलेल्या. पण एवढ्या मोठ्या छावणीतून सकाळच्या वेळी धुराची एक रेघ निघत नव्हती. घोडे तेवढे ओरडत होते, उपाशी घोडे ओरडतात तसे. माझ्याशी एरवी भाकरी लहान झाली म्हणून भांडणारा पहारेकरी मला बघून हात जोडल्यासारखं काहीतरी करून म्हणाला, "बाई, आम्ही काही केलं नाही. आम्ही नुसते उभे होतो." जणू मी त्याला जाब विचारायला आले होते.

वेस उघडायला दुपार होत आली. आधी राजाची माणसं गेली, परत आली, आणि त्यांनी काही सांगायच्या आत लोक बाहेर पडले. पहिल्यांदा सगळे देवळात चालावं तसे चालत होते. पहिल्या तंबूपाशी कुणीतरी ओरडलं, मग कुणीतरी हसलं, मग गाणं सुरू झालं, आणि गाणाऱ्यांनीच पोती भरायला घेतली. मी आत शिरले. काय सांगू? ते झोपले होते. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलेले, एकमेकांच्या पाठीला पाठ लावलेले, एकाचा हात सांडलेल्या पेल्यावर. जखम नाही, रक्त नाही, झटापटीची खूण नाही. मी लढाईत मेलेली माणसं पाहिली आहेत, तिथे मारणाऱ्याचा राग प्रेतावर दिसतो. इथे राग नव्हता. कुणीतरी घरभर फिरून दिवे मालवावेत तसं, इतकं सहज. आम्ही ज्यांच्या भीतीने घरं पाडली, विहिरी बुजवल्या, लेकी लपवल्या, त्यांना संपवायला त्याला आवाजसुद्धा चढवावा लागला नव्हता. मी पायांतल्या वहाणा काढल्या.

"मावशी, काटे आहेत," यदीदा म्हणाली.

"असू देत."

"आणि त्यांना शिवू नकोस. आठवडाभर विटाळ. भट्टी बंद पडेल."

पण जे पालथे होते त्यांचे चेहरे न शिवता कसे दिसणार? मी एकेकाला खांद्याला धरून उलटा करत गेले. प्रत्येक वेळी चेहरा परका निघाला की मी परमेश्वराचे उपकार मानायची, आणि लगेच तो परका चेहरा माझ्याकडे बघत असायचा. दाढ्यांना तेल लावलेलं, वेण्या घातलेल्या. काहींना दाढी फुटलीही नव्हती. हे माझं आमेन आहे, मी स्वतःला सांगत होते. हा, हा, हाही. यदीदा थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग तीही वाकली आणि दुसऱ्या बाजूने उलटवायला लागली. त्यांच्यापैकीच कुणी तिचा नवरा खांबावर चढवला असेल.

घोड्यांच्या रांगांपाशी पोचलो तेव्हा गाण्याचा आवाज मागे राहिला होता. घोडे सगळे जिवंत. आणि त्यांच्यामध्ये, रिकाम्या गव्हाणीला टेकून, एक माणूस बसला होता. डावा खांदा पडलेला. त्याने मान वर केली.

"आई," एलनाथान म्हणाला. उठला नाही.

मी त्याच्या तोंडावरून, डोक्यावरून, कानांवरून हात फिरवले. माझ्या बोटांची वाळलेली कणीक त्याच्या केसांत अडकली. ऊब होती. मी रडले की ओरडले ते यदीदाला ठाऊक. मग मला दिसलं, की तो उठत नाही कारण त्याच्या मांडीवर एकाचं डोकं आहे. त्याच्याच वयाचा एक अश्शूरी.

"मी जागा होतो," एलनाथान म्हणाला. माझ्याकडे न बघता बोलत होता. "वारा नव्हता, आवाज नव्हता. घोड्यांनी कान वर केले, पण घाबरले नाहीत. काहीतरी रांगेने येत होतं, आई. हा बोलत होता माझ्याशी. बोलता बोलता थांबला. मग ते माझ्यावर आलं. थांबलं. मला बघितलं त्याने. असं बघितलं, जसं तू माझ्या लहानपणी माझ्या अंगावर सांडलेलं बघायचीस. आणि पुढं गेलं."

 पोर हाताखाली जिवंत होतं आणि मी छावणीतल्या कुठल्याही प्रेतापाशी घाबरले नव्हते इतकी आता घाबरले. एवढ्या मोठ्या अंधारात, एवढ्या माणसांत, त्याने एक मोतद्दार ओळखून काढला होता. म्हणजे मी भट्टीपाशी पुटपुटलेलं त्याने ऐकलं. मार हेही ऐकलं, नको हेही ऐकलं, सगळं. त्याचा राग समजण्यासारखा होता. ही दया कुठे ठेवू, हे मला समजेना. मी जमिनीला कपाळ टेकवलं आणि तशीच राहिले.

उठले तेव्हा म्हणाले, "चल बाळा. घरी चल."

"याला असा टाकून?"

"हा त्यांच्यातला आहे, एलनाथान."

"माझा मुकादम. पहिल्याच आठवड्यात माझी दोरी याने सोडली. बाकीचे माझ्या भाकरीवर थुंकून द्यायचे. हा आपल्यातली अर्धी द्यायचा, न थुंकता." तो थांबला. "म्हातारी आई आहे त्याची. नदीकाठी कांदे लावते म्हणे. सारखं तिचंच लावायचा, ऐकून ऐकून कंटाळा यायचा."

यदीदा बाजूला गेली आणि लीद ओढायचं लाकडी फावडं घेऊन आली. ते तिने एलनाथानला दिलं. आम्ही तिघांनी आळीपाळीने खणलं. जमीन कठीण, वर खडक. पुरुषभर खोल काही गेलं नाही, कोल्ह्यांपासून वाचेल एवढं झालं. माझ्या ओढणीने मी त्याचं तोंड पुसलं. छावणीच्या त्या टोकाला आमचे लोक गात होते, गाणं खरं होतं, आणि त्यातला एक शब्दही मला खोटा वाटत नव्हता. माझ्याही घशाशी ते येत होतं. पण नदीकाठची ती बाई आत्ता कांद्यांच्या वाफ्यात उभी राहून रस्त्याकडे बघत असेल. तिच्या आणि देवाच्या मध्येही कुणी नसेल. तिला सांगायला कोण जाणार?

"नाव काय याचं?" मी विचारलं.

एलनाथानने सांगितलं. त्या नावात त्यांच्या दैवताचं नाव होतं, आणि परक्या दैवताचं नाव तोंडाने घ्यायचं नाही अशी आम्हाला आज्ञा आहे. एलनाथाननेही ते दबक्या आवाजात सांगितलं. पोती घेतलेले दोघं-तिघं आमच्याकडे बघत उभे राहिले होते, त्यांत वेशीवरच्या बाकावरचेही होते. मी खड्ड्याच्या कडेला मांडी घातली, डोक्यावरची ओढणी सोडली, आणि आमच्या बायका आपल्या लेकरांसाठी हेल काढतात तसा हेल काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिलिम-अश्शूर! अरे सिलिम-अश्शूर, माझ्या बाळा!"